उणे चार मिनिटे

मुकादमाला आपल्या गटारांचा जेवढा अभिमान होता तेवढा लोकांना आपल्या मुलांचाही नसतो. घरी जेवताना तो गटारांविषयी बोलायला लागला की त्याची बायको काही बोलायची नाही, फक्त वाढणं थांबवायची, म्हणजे त्याला कळायचं. एकतीस वर्षं त्यानं एकच काम केलं होतं. पाऊस पडला की पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि मध्ये कुठं अडतं, ते बघायचं. आयुष्यात मोठं काही करायचं राहून गेलं असं त्याला कधी वाटलं नाही. गुडघे सोडले तर त्याची कशाविषयी तक्रार नव्हती, आणि गुडघ्यांविषयीची तक्रारही तो गप्पांना विषय हवा म्हणून करायचा. अशा माणसाच्या बाबतीत हे घडलं, म्हणून ते ऐकण्यासारखं आहे. घाबरटाला दोरीसुद्धा साप दिसते. मुकादमाला साप दिसला असता तरी तो म्हणाला असता, दोरी कुणीतरी नीट गुंडाळून ठेवायला हवी होती.

त्याच्या हद्दीत उताराच्या पायथ्याशी एक शाळा होती. पुढं हॉल आणि ऑफिस, मागं ओळीनं सहा वर्ग, वर्गांच्या मागं छोटं अंगण, अंगणात मुलांना पाणी प्यायचा नळ, आणि नळापासून चार पावलांवर उतार सुरू. उताराच्या माथ्यावर रस्ता होता. रस्त्याच्या कडेला एक चेंबर होतं. पावसाचं पाणी त्यात पडायचं, पाइपातून उताराच्या पोटातून खाली यायचं, शाळेच्या अंगणातल्या दुसऱ्या चेंबरमध्ये वळायचं, मैदानाखालून जायचं आणि पलीकडं नाल्यात पडायचं. नाल्याकडच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. हा सगळा रस्ता मुकादमाला आपल्या घराच्या जिन्यासारखा पाठ होता. या शाळेत त्याची नात दुसरीत शिकत होती. घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे.

गेल्या वर्षी माथ्यावर गाड्या लावायला काँक्रीटचं मोठं पटांगण झालं आणि तिथून कटकट सुरू झाली. आधी जे पाणी मातीत जिरायचं ते सगळं आता चेंबरकडं धावायला लागलं. वरचं चेंबर तोंडोतोंड भरायचं, पण खाली नाल्यात येणारी धार होती तेवढीच. कुठंतरी पाणी मुरतंय असं लोक संशयानं म्हणतात. मुकादमाच्या धंद्यात ती सरळ तक्रार असते. उताराच्या पोटात पाइप फुटला असणार आणि पाणी आतून माती खात असणार, असं त्याचं मत होतं. उतारावरचा विजेचा खांब शाळेकडं वाकला होता. मागच्या वर्गांच्या खिडक्यांत रोज सकाळी मातीचा थर दिसायचा. ऑफिसातल्या साहेबांना मात्र मत नको होतं, आकडा हवा होता. आकडा मिळवायचा तर रंगाची चाचणी करायची.

ती चाचणी अगदी सोपी. वरचा माणूस शिट्टी वाजवतो आणि चेंबरमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओततो. खालचा माणूस शिट्टी ऐकली की घड्याळ सुरू करतो आणि जाळीतून रंग आला की बंद करतो. या पाइपाची जुनी नोंद चार मिनिटांची होती. वेळ वाढला किंवा घटला तर आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. वर लंबू असायचा, खाली मुकादम, कारण वर जायला एकशे चौदा पायऱ्या होत्या आणि गुडघे मुकादमाचे होते. दोघांची जोडी एकोणीस वर्षांची. लंबूची शिट्टी पितळेची, बुटाच्या काळ्या नाडीत ओवलेली. पहिल्याच महिन्यात ती त्याच्या हातून लोखंडी झाकणावर पडली होती आणि तोंडाशी एक खोक पडली होती, त्यामुळं तिचा आवाज थोडा घोगरा यायचा. नाल्यात फोनला रेंज नसायची, पण ती असती तरी मुकादमानं शिट्टी सोडली नसती.

सोमवारी सकाळी त्यांनी चाचणी घेतली. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती. मुकादम नाल्यातल्या नेहमीच्या दगडावर बसला. शाळेतून पाढ्यांचा एकसुरी आवाज येत होता, ऊन कोवळं होतं, आणि कामावर असताना माणसाला इतकं बरं वाटावं याचं त्याला जरा नवलच वाटलं. फक्त जाळीतून येणारा वास वेगळा होता. गाळाचा नव्हता, शेवाळाचा नव्हता. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की तो ओल्या खडूचा वास आहे.

मग जाळीतून हिरवं पाणी आलं.

मुकादमानं घड्याळ बंद करायला बोट उचललं, तर घड्याळ सुरूच केलेलं नव्हतं. शिट्टी झालीच नव्हती. लंबू शिट्टी विसरला म्हणून त्यानं त्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि रागारागात तिथून पुढं घड्याळ लावलं. हिरवं पाणी वाहून गेलं, धार पुन्हा स्वच्छ झाली. बरोबर चार मिनिटांनी वरून शिट्टी वाजली. त्यानंतर पाव तास तो बसून राहिला. जाळीतून नुसतं पाणी येत राहिलं.

लंबू खाली आला तेव्हा दोघांची चांगलीच जुंपली. लंबूचं म्हणणं, शिट्टी आधी आणि बादली नंतर, एकोणीस वर्षांत कधी उलटं झालंय का? मुकादमाचं म्हणणं, आज झालं. लंबू म्हणाला, पुडीची गाठ सुटत नव्हती म्हणून उशीर झाला, शिट्टी वाजेपर्यंत रंग बादलीत पडलाच नव्हता. शेवटी मुकादमानं त्याला दोन पुड्या दिल्या, एक लाल, एक निळी. कोणती फोडायची ते वर जाऊन तूच ठरव, मला सांगू नकोस, असं बजावून त्याला परत पाठवलं.

या वेळी मुकादमानं जाळीवरून नजर हलवली नाही. पाढे थांबले होते, मधली सुट्टी झाली असावी, पण मुलांचा गलका काही ऐकू येत नव्हता. खडूचा वास वाढला होता. जाळीतून लाल पाणी आलं, खालच्या पांढऱ्या दगडाला लाल डाग पाडून गेलं आणि संपलं. चार मिनिटांनी शिट्टी वाजली.

लंबू धावतच उतरला. त्याचे हात मनगटापर्यंत लाल होते.

"कोणता ओतलास?" मुकादमानं विचारलं.

"लाल. आत्ता... शिट्टी वाजवली तेव्हाच."

मुकादमानं दगडावरच्या डागाकडं बोट केलं. डाग कडेनं वाळायला लागला होता.

लंबूनं वाकून त्याला बोट लावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मुकादम... मी दोन्ही पुड्या हातात घेऊन उभा होतो. कोणती फोडू ते ठरत नव्हतं. तेव्हा इथं लाल आला होता?"

"आला होता."

"मग ठरवलं कुणी?"

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्याला धीर द्यायचा म्हणून मुकादम एवढंच म्हणाला की आपलं काम मोजायचं, अर्थ लावायला साहेब आहेत. एकतीस वर्षांत त्यानं खोटा आकडा लिहिला नव्हता, आताही लिहिणार नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं नोंदीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: रंग येण्यास लागलेला वेळ, उणे चार मिनिटे. 'उणे'साठी त्यानं आकड्याआधी नीट आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली सही केली.

मंगळवार असाच गेला. बुधवारी सकाळी तो एकटाच नाल्यावर गेला. कामावर जाताना चार पावलं वाकडी करून जाळीवर नजर टाकायची त्याची सवय होती. जाळीत एक निळी बाटली अडकली होती.

मुलं शाळेत नेतात तसली प्लास्टिकची बाटली. एका बाजूनं चेपलेली, चिखलानं माखलेली. झाकणाचा कान तुटला होता आणि कुणीतरी तो तांब्याच्या तारेनं बांधला होता. मुकादमानं तारेचे वेढे मोजले. सात होते. शेवटच्या वेढ्याचं टोक आत वळवून दाबलेलं होतं, मुलीच्या हाताला लागू नये म्हणून. हे त्यानं स्वतःच्या पकडीनं, स्वतःच्या ओट्यावर बसून, महिन्याभरापूर्वी केलं होतं. बाटलीच्या पोटावर सोनेरी कागदाचा एक तारा चिकटवला होता.

बाटलीच्या खाली जाळीच्या गजाला एक दोरा गुंडाळला गेला होता. पिवळ्या लोकरीचा, तीन पदरी वेणी घातलेला. त्यानं ओढला तर त्याच्या टोकाला पितळेची शिट्टी निघाली. शिट्टीच्या तोंडाशी खोक होती.

त्यानं दोन्ही वस्तू रुमालात बांधल्या आणि थेट शाळा गाठली. गुडघे त्या दिवशी कसे चालले ते त्याला नंतर आठवेना. दुसरीचा वर्ग मागच्या ओळीत शेवटचा. खिडकीतून त्यानं आत पाहिलं. चिमणी पहिल्या बाकावर होती, फळ्याकडं बघत होती. बाकाच्या कोपऱ्यावर निळी बाटली होती, स्वच्छ, न चेपलेली, कानाला तांब्याची तार. मुकादमाचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी रुमालातली बाटली हाताला जाणवली.

मधल्या सुट्टीत त्यानं तिला बाजूला घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "चिमणे, तुझ्या बाटलीवर तारा नाही का गं?"

"तारा शुक्रवारी मिळतो, आजोबा. सहाचा पाढा म्हटला की." मग जरा कमी आवाजात, "मला अजून सहा साते अडतं. पण शुक्रवारपर्यंत येणार."

ती उड्या मारत परत गेली. मुकादम अंगणातल्या नळाच्या कट्ट्यावर टेकला. पाठीमागं उतार होता, आणि त्याच्या आतून, अगदी हळू, कुणीतरी साखर चाळावी तसा आवाज येत होता.

दुपारी साहेबांनी बोलावून त्याची पाठ थोपटली. साहेब वाईट नव्हते. टापटिपीचे होते, एवढंच. आकड्याआधीची रेघ त्यांना पेन घसरल्याची वाटली होती. पांढरी शाई लावून त्यांनी ती स्वतःच्या हातानं मिटवली होती आणि कागद टाइप करून घेतला होता: वेळ चार मिनिटे, जुन्या नोंदीशी तंतोतंत, पाइप सुस्थितीत, उतारास धोका नाही. मुकादमानं सांगितलं की ती रेघ मुद्दाम मारलेली आहे. साहेब मनापासून हसले. वेळ कधी उणा असतो का, म्हणाले, आणि त्याला चार दिवस रजा घ्यायचा सल्ला दिला. रुमाल उघडून दाखवायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण रजेचं नाव निघाल्यावर त्यानं तो खिशातच ठेवला. रुमाल दाखवला असता तर रजा चार दिवसांची राहिली नसती.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सगळ्यांत सोपा उपाय त्याला पहिल्याच तासात सुचला होता. चिमणीला शुक्रवारी घरी ठेवायची, ताप आलाय म्हणून सांगायचं. कुणी काही विचारणार नव्हतं. पण त्या वर्गात आणखी तेहेतीस पोरं होती आणि शेजारच्या पाच वर्गांतही तेवढीच. आपली चिमणी घरी ठेवून बाकीच्यांची तिथं बसू दिली, तर त्यानंतर आपल्याला या घरचं पाणी तरी गोड लागेल का? त्याला लागलं नसतं. पहाटे त्यानं ठरवलं की लोक वेडा म्हणाले तर म्हणोत. शिट्टी त्यानं खिळ्यांच्या डब्यात तळाशी ठेवली आणि तिच्याविषयी कुणाला सांगितलं नाही. लंबूला तर नाहीच. लंबूच्या शिट्टीला काळी नाडी आहे, ही पिवळ्या दोऱ्यातली दुसऱ्या कुणाची असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

गुरुवारी तो मुख्याध्यापिकांकडं गेला. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. चिमणीची बाटली तिच्याकडून मागून घेऊन त्यानं दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, रंगाचं, रेघेचं, ताऱ्याचं. शिट्टी तेवढी वगळली. सांगताना आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू येत होतं आणि कान तापत होते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. आधी एका बाटलीच्या तारेवरून बोट फिरवलं, मग दुसरीच्या. वेढे मोजले. चेपलेल्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि लगेच लावलं.

"हा माझ्या वर्गांचा वास आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी उठून ऑफिसचं दार लोटलं.

"मुकादम, हे मी कुणाला सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. सुट्टी देणं माझ्या हातात नाही, त्याला वरून कागद लागतो. पण कोणता वर्ग कुठं बसवायचा ते माझ्याच हातात आहे. उद्या मागचे सहाही वर्ग पुढच्या हॉलमध्ये बसतील."

"बाई, काहीच झालं नाही तर?"

"तर मुलं एक दिवस दाटीवाटीनं बसली, एवढंच. आठवडाभर मी खिडक्यांतली माती पुसून घेतेय. मला तुमच्या बाटलीची तशी गरज नव्हती." आणि मग, बाटलीकडं न बघता, "ती मात्र घेऊन जा. इथं ठेवू नका..."

शुक्रवारी पहाटेपासून पाऊस धरला. मुकादमानं चिमणीला स्वतः शाळेत सोडलं. हॉल इतरांच्या पोरांसाठी पुरेसा आहे तर आपल्या पोरीसाठीही आहे, असा त्याचा हिशेब होता, शिवाय ती घरी राहायला तयार झालीच नसती. रात्री तिला सहा साते आलं होतं. लंबूला त्यानं वर रस्त्यावर उभं केलं, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. माथ्यावर काँक्रीटच्या कडेनं एक तडा गेला होता. तो बोटभर रुंद झाला की शिट्टी वाजव आणि मागं वळून न बघता पळ, एवढंच सांगितलं. सांगताना त्याची नजर लंबूच्या गळ्याकडं गेली. काळी नाडी होती. त्याला बरं वाटलं.

साडेअकराला हॉलमध्ये पाढे झाले. सहा साते बेचाळीस चिमणीनं इतक्या जोरात म्हटलं की सगळी पोरं हसली. वर्गाच्या बाईंनी तिच्या बाटलीवर सोनेरी तारा चिकटवला. मुकादम दाराशी उभा राहून हे बघत होता. तारा लागला तशी ती घरच्या कपाटातल्या बाटलीची जोडी झाली. तेवढ्यात शिपाई काही विचारायला आला, तो दोन वाक्यं त्याच्याशी बोलला, आणि वळून बघतो तर पहिल्या ओळीत चिमणीची जागा रिकामी.

"पाणी भरायला गेली," शेजारची मुलगी म्हणाली. "ताऱ्याच्या बाटलीत नवीन पाणी पाहिजे म्हणाली."

अंगणातल्या नळाशी ती एकटीच होती. ओट्यावर बाटली ठेवून ती भरायची वाट बघत होती. नळाची धार मातकट येत होती. अंगणातल्या चेंबरचं झाकण जागच्या जागी थडथडत होतं. मुकादमानं हाक मारली नाही, तेवढा दमच नव्हता. वरून घोगरी शिट्टी वाजली, लांब, न थांबणारी. त्यानं चिमणीला कमरेला धरून उचललं आणि वळला. ती बाटलीसाठी हात मागं करून रडायला लागली. मागं उतार पुढं सरकला. मोठा आवाज झाला असं लोक नंतर म्हणाले, पण मुकादमाला आवाज आठवत नव्हता, फक्त मानेवर गार वारा आला आणि त्याला खडूचा वास होता.

ते हॉलच्या पायरीवर पडले तेव्हा मागचे सहाही वर्ग खिडक्यांपर्यंत चिखलानं भरले होते. मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि पोरं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली. सगळी होती. एकाला साधं खरचटलंही नव्हतं, चिमणीचं कोपर सोडलं तर. लंबू मैदानाच्या बाजूनं धावत आला, नखशिखांत भिजलेला, गळ्यात काळ्या नाडीत शिट्टी, आणि मुकादमानं त्याला चारचौघांत मिठी मारली. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लंबूला काय बोलावं सुचेना, म्हणून तो म्हणाला, "मुकादम, माझे कपडे ओले आहेत."

पाऊस ओसरल्यावर मुकादम नाल्यावर जाऊन बसला. चिखल आला, फळ्याचा तुकडा आला, डस्टर आलं, खडू विरघळून पांढरं झालेलं पाणी आलं. संध्याकाळपर्यंत बसला, पण बाटली काही आली नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती येऊन गेली होती. त्यानं घरी जाऊन कपाटातली बाटली काढली, घासून धुतली, चेपलेली बाजू आतून दाबून सरळ केली आणि चिमणीला दिली.

"मिळाली!" ती म्हणाली. "कुठं होती?"

"नाल्यात," आजोबा म्हणाले. हे खरंच होतं.

पुढचं सगळं चांगलंच झालं. साहेब स्वतः आले, चिखलात उभे राहिले, मग ऑफिसात जाऊन त्यांनी मुकादमाचा मूळ कागद मागवला आणि पांढरी शाई नखानं खरवडली. खाली रेघ होती. तेव्हापासून मुकादमाच्या आकड्याला ते हात लावत नाहीत. पटांगणाच्या पाण्याला वेगळी वाट काढून दिली. उताराला पायऱ्या पाडल्या, दगडी भिंती घातल्या, भिंतींत पाणी झिरपायला भोकं ठेवली, वर गवत लावलं. पाइप नवा टाकला. मागचे वर्ग पाडून तिथं मोकळी जागा ठेवली. आठ महिने मुकादम रोज त्या उताराकडं बघून खूश व्हायचा, आणि घरी जेवताना तो त्याचं वर्णन करायला लागला तरी त्याची बायको वाढणं थांबवायची नाही.

मग नव्या पाइपाची चाचणी घ्यायचा दिवस आला. छान ऊन होतं. लंबू लांबूनच हात हलवत आला, नवरदेवासारखा खुशीत.

"मुकादम, हे बघितलंत का? चिमणीनं केलंय माझ्यासाठी. शिट्टी वाजवली म्हणून. काळी नाडी तिला आवडत नव्हती म्हणे."

त्याच्या गळ्यात शिट्टी होती. पिवळ्या लोकरीचा दोरा, तीन पदरी वेणी घातलेला.

घरी खिळ्यांच्या डब्यात तळाशी हीच शिट्टी, याच दोऱ्यात, नाल्यातून आलेली पडून होती, हे मुकादमाला माहीत होतं. लंबू आपल्याच आनंदात बोलत होता, बायको काय म्हणाली, शेजारी काय म्हणाले. वर जायची वेळ झाली तसा तो रंगाची पुडी आणि बादली उचलून वळला.

"थांब," मुकादम म्हणाला. "दे ती इकडं. माझ्या नातीनं विणलाय, माझ्या गळ्यात जास्त शोभेल."

"आणि वर कोण जाणार?"

"मी. तू घड्याळ धर. एकोणीस वर्षं मी दगडावर बसून खातोय, आता तू खा."

"मुकादम, एकशे चौदा पायऱ्या आहेत... तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना मी सांगितलंय."

लंबूला वाटलं म्हाताऱ्याला नातीचा दोरा हवासा वाटतोय, त्यानं हसत शिट्टी काढून दिली. मुकादमानं ती गळ्यात घातली आणि एकेक पायरी चढत वर गेला. शिट्टी वाजवली, हिरवं पाणी ओतलं, आणि चार मिनिटांनी खालून लंबूनं हात वर केला. बरोबर चार. आधी रेघ नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर पावसाळ्याआधी चाचणी होते, दर वेळी चार मिनिटंच येतात. चिमणी मोठ्या शाळेत गेली. उतारावरचं गवत कमरेइतकं झालंय. मुकादम सुखात आहे, विचारलंत तर तो तसंच सांगेल. गळ्यातली ती शिट्टी त्यानं कुणालाच दिली नाही, लंबूला तर हातही लावू देत नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी तो ती चिंच लावून घासतो, उकळत्या पाण्यात टाकतो, स्वच्छ फडक्यानं पुसतो. तरी वर जाऊन ओठांना लावली की तिला ओल्या मातीची चव येते. पहिल्या वर्षी ती नुसती जाणवली होती. यंदा दाताखाली कण आले.